प्रेम बोलून दाखवायलाच हवं का? (पाण्याच्या दिवसावरून पेटलेला वाद)

शेंगाचटणी (धागाकर्ती, जुळे सोलापूर)

आमच्या भिशीत विषय निघाला तो एकीच्या सुनेवरून. मुलगा-सून पुण्याला असतात. दर शुक्रवारी रात्री दोघंच बाहेर जेवायला जातात, मोबाइल बंद करून. त्याला म्हणे डेट नाइट म्हणतात. सासूबाई हे कौतुकाने सांगत होत्या की कुरकुरत, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग प्रत्येकीला विचारणं सुरू झालं. तुझ्या नवऱ्याने कधी फूल आणलं का, कधी तोंडाने म्हणाला का. मी म्हटलं, आमच्याकडे पाण्याचा दिवस असतो, तीच आमची डेट नाइट. बायका हसल्या. मी विनोद केला नव्हता.

बाहेरगावच्या लोकांना सांगते, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरण शंभरावर किलोमीटर लांब. पाणी कुठे चार दिवसांआड, कुठे पाच. वेळही ठरलेली नाही, कधी रात्री अकरा, कधी पहाटे तीन. आलं की तेवढ्या वेळात हौद भरा, मोटर लावून वरच्या टाकीत चढवा, पिण्याचं वेगळं गाळून ठेवा. चुकलं की पुढच्या पाळीपर्यंत शेजाऱ्यांची तोंडं बघा.

आमचे हे त्या रात्री हौदातला नळ अर्धवट उघडा ठेवून झोपतात. पाणी यायच्या आधी पाइपातून नुसती हवा येते, फुस्स करून. त्या आवाजाला हे उठतात. पहिलं गढूळ पाणी कढीपत्त्याला सोडतात, मग नळाला फडकं बांधतात. आणि मोटर सुरू करायच्या आधी आमच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतात, मला आवाज लागू नये म्हणून. हे त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही. मी जागीच असते.

तर माझं म्हणणं असं. दुसऱ्याच्या डोक्यावरची एक काळजी आपल्या डोक्यावर घ्यायची, याच्यापुढे प्रेमात काही नाही. ज्याला करून दाखवता येत नाही तो बोलून दाखवतो. लग्नाच्या वाढदिवसाला एकमेकांवर कविता लिहून स्टेटस टाकणारी दोन जोडपी आमच्याच इमारतीत आहेत. भांडणं चौथ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत ऐकू येतात.

या, भांडा.

हुरडापार्टी

एक नंबर बोललात अक्का. मी बायकोला एकदा गुलाब नेऊन दिला होता. तिने पहिला प्रश्न विचारला, "काय केलंय सांगा आधी."

कडकभाकरी

मी भांडायला आलेच आहे.

ताई, ते पाणी काय तुमच्या एकटीसाठी येतं का? ते आंघोळ करत नाहीत? स्वतःच्या घरात स्वतःच्या आंघोळीचं पाणी माणसाने भरलं, तर त्याला घरकाम म्हणतात. तुम्ही रोज पहाटे उठून भाकऱ्या थापत असाल, डबे भरत असाल. त्यावर कुणी धागा काढला? "आमची ही पिठात मीठ घालते, मी जागाच असतो" असं कुणा नवऱ्याने लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

बाईने केलं की कर्तव्य आणि पुरुषाने केलं की प्रेम. वर आपण बायकाच ते ओवाळत बसतो. मला तुमच्या ह्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही, माणूस चांगला दिसतो. पण "आमच्यात बोलायची पद्धत नाही" या एका वाक्याखाली किती संसारांमध्ये नुसती शांतता साचली आहे, ते बघायला दूर जायला नको. कुठल्याही लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी बसलेल्या जोडप्यांकडे बघा. जिलेबी वाढणाऱ्याशी जास्त बोलतात.

शेंगाचटणी

@कडकभाकरी, दाराचं काय? दार ओढून घेणं घरकामात बसत नाही.

कडकभाकरी

दाराला मार्क दिले. दहापैकी सहा. उरलेले चार सकाळी चहा घेताना "रात्री झोप लागली का" असं विचारलं तर.

बेकार_इंजिनिअर

तुम्ही लोकं लग्नानंतरचं बोललालाव. लग्नाआधीचं काय बे? बोलून दाखवायचं म्हटलं तरी ह्या गावात बोलायचं कुठं?

कंबर तलावाला गेलो तर फिरायला आलेला अर्धा विजापूर रोड ओळखीचा. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसावं, तर दर्शनाहून येणारी एक मावशी असतेच. "कुणाचा रे तू?" म्हणून सुरू. किल्ल्याच्या बागेत बसलो तर वॉचमन शिट्टी मारतो. कॉफीच्या दुकानात जावं तर ते मित्राच्या मेव्हण्याचं निघतं. पार्क चौकात गाडीवर दोघं दिसलो की आपण घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते. आई दारातच विचारते, "निळा ड्रेस कोण होती?"

खरं सांगलालो, पुण्या-मुंबईच्या पोरांना प्रेम जमतं, कारण तिथं कुणाला कुणाची पडलेली नसते. आपल्याकडं सगळ्यांना सगळ्यांची पडलेली. त्यात उन्हाळा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना कुणाचा हात धरून बघा. दोन मिनिटात दोघंही सोडतात.

हुरडापार्टी

@बेकार_इंजिनिअर, हिवाळ्यात हुरड्याला ने बे. शेतात कोण विचारत नाही.

बेकार_इंजिनिअर

हुरड्याला एकटं कोण सोडतंय? सोळा जणांची गाडी भरते, त्यात दोन काका.

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचून मौज वाटली. एक गोष्ट तरुणांना माहीत नसेल म्हणून लिहितो.

धागाकर्तीताई म्हणतात की आपल्याकडे बोलून दाखवायची पद्धत नव्हती. असं मला वाटत नाही. पद्धत होती, मोकळीक नव्हती. चार वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी सरळ बोलण्याची चोरी होती, म्हणून तर उखाण्याची सोय निघाली. सगळ्यांदेखत, टाळ्यांच्या गजरात, नवऱ्याचं नाव घ्यायचं. हौस नसती तर लोकांनी यमकं जुळवण्याचे कष्ट घेतले असते काय?

आमच्या वाड्यात खाली अकरा माणसं. मी बाजारात निघालो की सौ. यादी द्यायची. तूरडाळ, गूळ, खोबरं. यादीत शेवटी एखादी वस्तू अशी असायची की जिचं घरात काही कामच नसे. एकदा "वेलदोडे, फक्त दोन" असं होतं. आईने यादी वाचली आणि म्हणाली, दोन वेलदोडे कशाला? सौ. म्हणाली, असू द्या. ते दोन वेलदोडे संध्याकाळी गच्चीवर आम्ही एकेक खाल्ले. आता हे करून दाखवणं की बोलून दाखवणं, तुम्हीच ठरवा.

धाग्याला साजेसा एक उखाणा सौ. ने आत्ताच रचला आहे, तिच्या परवानगीने देतो:
"उजनीचं पाणी चढलं टाकीत,
...रावांचं नाव घेते तुम्हा सगळ्यांच्या साक्षीत."

कडकभाकरी

मास्तर, तुम्हाला दहापैकी दहा. काकूंना अकरा.

आकडेबहाद्दर (मूळ सोलापूर, सध्या पुणे)

भावनेच्या भरात सगळे बोलताय, थोडे आकडे आणतो.

२० मार्चला आंतरराष्ट्रीय आनंद दिन असतो. त्याच सुमाराला जगातल्या देशांचा आनंद अहवाल येतो. फिनलंड २०१८ पासून सलग पहिला. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८वा. आणि फिनलंडची माणसं गप्प बसण्याबद्दल जगभर प्रसिद्ध आहेत! म्हणजे धागाकर्तीचा मुद्दा जिंकला असं वाटेल.

पण दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं जोडप्यांना समोरासमोर बसवून त्यांची भांडणं चित्रित केली. टिकणाऱ्या संसारांत भांडतानासुद्धा एका टोचऱ्या बोलण्यामागे पाचेक चांगल्या गोष्टी असतात असं त्यांना आढळलं. एखादा विनोद, मान डोलावणं, "तुझं पण बरोबर आहे" असं काहीतरी. म्हणजे बोलणं लागतंच. हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या अभ्यासातूनही हेच पुढे येतं: म्हातारपणी माणूस सुखी आणि धडधाकट राहतो तो जवळच्या नात्यांच्या जोरावर, पैसा त्यामानाने मागे पडतो.

हुरडापार्टी

फिनलंडवाल्यांना मे महिन्यात दुपारी दोनला नवी पेठेत उभं करा. मग विचारा आनंद.

शेंगाचटणी

@आकडेबहाद्दर, त्या अहवालात विचारतात काय नेमकं? "नवरा बोलतो का?"

आकडेबहाद्दर

नाही. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणायची. सगळ्यात वर तुमचं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळाला वाईटातलं वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात, एवढं सांगायचं. हसलात किती, प्रेम केलं किती, याचा क्रमवारीशी संबंध नाही.

शेंगाचटणी

मग झालं तर. आमचे हे शिडी चढतात ती टाकी किती भरली ते बघायला. शेवटच्या पायरीवर असतात नेहमी.

आणि एका टोचऱ्या वाक्यामागे पाच गोड म्हणता? आमच्या घरात टोचरी वाक्यं मी बोलते. त्या हिशोबाने मला रोज साठ-सत्तर गोड वाक्यं लागतील. भाकरी कधी करू?

पूर्वभागातली

इथे सगळे "बोलावं की करावं" यावर भांडताहेत. मला तिसरंच काहीतरी सांगायचंय.

आमचं घर तेलुगू बोलणारं, अशोक चौकाच्या बाजूला. नाना, म्हणजे वडील, यंत्रमागावर, चादरीच्या कारखान्यात, बहुतेक रात्रपाळी. आई विडी वळायची. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबले. नाना सकाळी यायचे तेव्हा आई विड्या देऊन पुढची पानं-तंबाखू आणायला कारखान्यात निघालेली. दारातच भेट. ती म्हणायची, "चहा झाकून ठेवलाय." ते म्हणायचे, "हं." दिवसभराचा संवाद संपला. आता यात प्रेम होतं का? होतं बहुतेक. पण त्या दोघांना बोलायचं नव्हतं असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. बोलायला वेळ लागतो हो. आणि वेळ फुकट मिळत नाही.

नानांना सुट्टी असली की ते आईसमोर बसून पानं कापून द्यायचे. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर धरायचं आणि कात्रीने कडेकडेने फिरवायचं. नानांना नीट जमायचं नाही, आई निम्मी पानं बाजूला टाकायची. पण त्या दिवशी दोघं दुपारभर बोलायचे. कुणाच्या मागावर कुठली डिझाइन लागली, कुणाची मुलगी कुठे दिली. मध्येच आई हसायची, आम्हाला कारण कळायचं नाही. मालाचं नुकसान व्हायचं, तरी तिने त्यांना "तुम्ही नका कापू" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून डेट नाइटवर हसू नका, ताई. त्या पुण्याच्या सुनेने आठवड्यातले दोन तास बाजूला काढलेत. आमच्या आईला ते मिळाले असते तर तिने सोडले नसते.

शेंगाचटणी

@पूर्वभागातली, हे पटलं. डेट नाइटवरचं हसू मागे घेते. स्टेटसवरचं घेणार नाही.

भैय्याचौक

सोलापूरकराला रोमान्स जमत नाही असा सूर लागलाय, म्हणून आठवण करून देतो. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. रोज त्यावरून जाता, आत कितीजण गेलात?

१९१० सालचा सोलापूरचा जन्म. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला. बाकीचे परतले, हे राहिले. तिथे ग्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी सूर जुळले, १९४१ मध्ये लग्न झालं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा, म्हणजे एका नावात भारत आणि चीन दोन्ही. डिसेंबरमध्ये कोटणीस गेले. वय ३२.

आता मुद्दा. हा माणूस तिथे जाऊन चिनी बोलायला शिकला. जखम शिवायला सुई-दोरा पुरतो. लग्नाचं विचारायला भाषा लागते.

हुरडापार्टी

पेशंटशी बोलायला शिकले असतील की. तुम्ही लगेच लग्नावर नेलालाव.

भैय्याचौक

पेशंटशी "कुठं दुखतंय" एवढं पुरे होतं. दोन देशांचं मिळून नाव ठेवायचं तर दोघांनी बसून चार गोष्टी बोलाव्या लागतात.

गड्डाकर

सोलापूरची सगळ्यात मोठी प्रेमकथा विसरलात सगळे. बाराव्या शतकातले आपले सिद्धरामेश्वर. कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरला. ते योगी, लग्न शक्य नाही. मग त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावायला संमती दिली. आजही दर संक्रांतीला तो सोहळा होतो. सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतले लाखभर भक्त, घराघरातून अक्षता. ती शब्दाने काही मागत बसली नाही. निष्ठा हेच तिचं बोलणं. मी धागाकर्तीच्या बाजूने.

कडकभाकरी

श्रद्धेला हात न लावता कथेपुरतं बोलते, राग नसावा. मी स्वतः दरवर्षी अक्षता टाकते.

त्या कथेत लग्न करीन म्हणून तोंडाने सांगितलं ते मुलीनेच ना? ती गप्प बसली असती तर दंडही मिळाला नसता! आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर काय होतं ते पण सांगा. तिची प्रतिमा अग्नीला देतात. लहानपणापासून त्या क्षणी माझ्या पोटात कालवतं. मागितलं तिने, मिळाला दंड, आणि अग्नीत पण तीच. हा आदर्श संसाराला नका लावू, एवढंच.

गड्डाकर

ताई, जरा जपून. हा भक्तीचा विषय आहे, नवरा-बायकोचा नाही.

कडकभाकरी

प्रेमकथा म्हणून तुम्हीच आणलीत, गड्डाकर.

निवृत्त_मास्तर

दोघेही थोडे शांत व्हा. गड्डाकर, हा विवाह लागतो त्या संमती कट्ट्याजवळ तुम्ही उभे राहिला असालच. तिथे काय होतं? आधी संमतीचा मजकूर मोठ्याने वाचला जातो, कन्नडमधून. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की मगच अक्षता पडतात. तोवर हजारो माणसं मूठ आवळून गप्प उभी असतात. म्हणजे योग्याच्या योगदंडाशी लग्न असलं तरी ते न बोलता लागत नाही! कडकभाकरीताईंचा मुद्दा मी वेगळ्या वाटेने मान्य करतो.

गड्डाकर

मास्तर, तुम्ही वकील व्हायला हवं होतं.

चादरवाला

मी दुकानदार, दोन्हीकडचा अनुभव. लग्नसराईत नवरा-बायको चादर घ्यायला येतात. जी जोडपी रंगावरून तासभर भांडतात ती हसत जातात. "तुला आवडेल ती घे" म्हणून नवरा मोबाइल बघत बसला की बाई एकही घेत नाही. वर मला म्हणते, रंग जरा भडक आहेत.

शेंगाचटणी

@चादरवाला, तुम्ही विरोधी बाजूचे झालात, कळलं का?

माझ्या मूळ मुद्द्यावर मी कायम आहे. बोलणं नको असं नाही. पण दोघांपैकी एकच मिळणार असेल, तर मी पाणी भरणारा घेईन. गोड बोलून अंगावर काम टाकणारे बघितलेत मी, माहेरीच बघितलेत. कडकभाकरीताई, तुम्ही कुठला घ्याल?

कडकभाकरी

एकच का मिळावं? घासाघीस न करता पहिल्या भावाला आपण भाजी घेत नाही, आणि नवरा घेताना अर्ध्यावर समाधान मानायचं! मला दोन्ही पाहिजे. आणि मी दोन्ही देते. मोटर मी लावते आमच्याकडे, गाणं म्हणत. नवरा उठून ओरडतो, "आवाज कमी कर." तेही बोलणंच आहे.

हुरडापार्टी

आमच्या घरी पाणीही मीच भरतो आणि बोलणंही मीच खातो. मी कुठल्या बाजूला?

बेकार_इंजिनिअर

हे सगळं राहू द्या, मला मदत करा. परवा रविवारी मुलगी बघायला चाललोय. घरच्यांनी ठरवलंय. अक्कलकोटला. अर्धा तास गच्चीवर दोघांनाच बोलायला देणार आहेत म्हणे. अर्धा तास! मी काय बोलू?

आकडेबहाद्दर

तू कमी बोल, प्रश्न विचार. उत्तर आलं की त्यावरच पुढचा प्रश्न.

गड्डाकर

नोकरीचं खरं सांग. अक्कलकोटला जातोस तर आधी स्वामींचं दर्शन घे.

पूर्वभागातली

पोहे आवडले तर आवडले म्हण. खारट असले तर तेही म्हण, पण तिच्याशी, तिच्या आईशी नको.

शेंगाचटणी

अक्कलकोट माझं माहेर. मुलीचं आडनाव व्यनि (खाजगी निरोप) कर, रात्रीपर्यंत सगळी माहिती काढते.

बेकार_इंजिनिअर

नको ताई. ह्याचीच भीती होती.